सोबत कुत्रा, गळ्यात कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की डोंगरवाटांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बऱ्याच जणांनी एकाच दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत: कुत्र्याला ट्रेकला कसं न्यावं, आणि वाटेत दिसणाऱ्या प्राणिपक्ष्यांचे फोटो कसे काढावेत. या दोन गोष्टींचं आपसांत किती जमतं, ते उत्तरांमधून कळेलच.

आमचा लॅब्राडोर चार वर्षांचा आहे, वजन ३४ किलो. रोज दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास फिरतो. दिवाळीनंतर त्याचा पहिला ट्रेक म्हणून कळसूबाई कसा राहील?
*– एक वाचक, पुणे*

कळसूबाई नको. एक तर तो डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये. दुसरं कारण वाटेवरच्या लोखंडी शिड्या. कुत्र्याला शिडी चढता येत नाही. चढवलाच, तरी उतरताना पुढचा पंजा दोन पायऱ्यांच्या फटीत गेला की वजनासकट पाय मुरगळतो. हरिहरच्या खड्या कातळपायऱ्यांचंही तेच. जिथे माणसाला दोन्ही हात लावावे लागतात, ती वाट कुत्र्याची नाही, एवढं मोजमाप पुरे आहे.

पहिल्या खेपेला कोरीगडासारखा गड बघा. वाट सोपी, बऱ्याचशा पायऱ्या, माथ्यावर ऐसपैस सपाटी. निघण्याआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून विचारून घ्या, कारण राखीव क्षेत्रांच्या हद्दी बदलत असतात.

आता कुत्र्याबद्दल. ३४ किलो हे लॅब्राडोरचं वरच्या टोकाचं वजन झालं. बरगड्यांवरून हलक्या हाताने बोटं फिरवा. दाब न देता बरगड्या मोजता आल्या तर ठीक, शोधाव्या लागल्या तर आधी दोन-तीन किलो उतरवा. कुत्र्याच्या सांध्यांवर खरा भार चढताना नाही, उतरताना येतो, कारण त्याच्या शरीराचं बरंचसं वजन मुळात पुढच्या पायांवर असतं. महिनाभर आठवड्यातून तीनदा टेकडी करा, वेळ पाऊण तासापासून अडीच तासांपर्यंत हळूहळू वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तो अवघडला, तर तेवढ्यावरच आठवडाभर थांबा. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, तर दीड वर्षाचं होईपर्यंत गडाचं नावही काढू नये. हाडांची वाढीची टोकं तोवर पक्की झालेली नसतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. कुत्रा लंगडला तर खाली कसा आणणार? ३४ किलोचं कुत्रं एकट्याला तासभर उचलून आणता येत नाही. डबल बेडची जाड सुती चादर पिशवीत ठेवा. दोघांनी दोन टोकं धरली की तिची झोळी होते. घरी दिवाणखान्यात दोन-चार वेळा त्याला झोळीत उचलून सवय करा. दुखावलेला कुत्रा पहिल्यांदाच हवेत उचलला गेला तर चावतो, मालकालाही.

ट्रेकला कुत्र्यासाठी किती पाणी घ्यावं? गडावरच्या टाक्यातलं चालेल का?
*– एक वाचक, नाशिक*

घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. चालण्याच्या दिवशी याच्या दीड ते दोन पट धरा. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला थंडीत दोन लिटर, फेब्रुवारी उलटल्यावर अडीचपेक्षा कमी नको. हे पाणी तुमच्या पाण्याशिवायचं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वाटीभर, साधारण १५० मिलिलिटर द्या. तहानलेल्याला एकदम लिटरभर पाजलं की तो ते ओकून टाकतो, आणि जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या जातींत पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो. जेवणही त्यासाठीच निघण्याच्या तीन-चार तास आधी आणि निम्मंच द्यावं.

टाक्यातलं पाणी भांड्यात काढून द्या. कुत्र्याला टाक्यात उतरू देऊ नका. ते पाणी माणसं पितात, गडावर राहणारे पुजारी आणि गुराखी तेच भरून नेतात, आणि लॅब्राडोरला पाणी दिसलं की तो विचारत नाही, थेट उडी मारतो. टाकं दिसायच्या आधीच दोरी आखडा. साचलेल्या हिरव्या डबक्यातलं पाणी मात्र कुत्र्यालाही नको. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस तिथूनच येतो, म्हणून वार्षिक लशीत लेप्टोचा समावेश आहे ना, ते कार्डावर पाहून घ्या.

ऊन लागलं आहे हे कसं ओळखायचं?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांना थोडा येतो, पण शरीर थंड होतं ते धापा टाकूनच. त्यामुळे धाप लागणं हे आजाराचं लक्षण नाही. धाप थांबत नाही, हे लक्षण आहे. सावलीत पाच-सात मिनिटं बसूनही धाप उतरत नसेल, जीभ टोकाला चमच्यासारखी रुंद होऊन लोंबत असेल, लाळ घट्ट आणि चिकट झाली असेल, हिरड्या गडद लाल दिसत असतील, तर ट्रेक तिथेच संपला. यानंतरच्या पायऱ्या म्हणजे झोकांड्या, उलटी आणि शुद्ध हरपणं.

डिजिटल थर्मामीटर जवळ ठेवा आणि गुदद्वारातून तापमान घ्या. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४०.५ च्या वर आकडा आणि वरची लक्षणं, म्हणजे उष्माघात. जांघा, पोट, काखा, पाठ यांवर साधं पाणी ओतत राहा आणि टोपीने, ताटलीने, जे हाताला लागेल त्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. दोन मिनिटांत तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. आकडा ३९.५ वर आला की पाणी थांबवा, नाहीतर पुढे तो खालीच जात राहतो. कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान एक-दोन दिवसांनी उघडं पडतं.

पग, बुलडॉग, शीत्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गडावर नेऊच नये. त्यांची धाप टाकण्याची यंत्रणाच अपुरी असते.

उतरताना कुत्र्याच्या पंज्यातून रक्त आलं. बूट घ्यावेत का?
*– एक वाचक, कोल्हापूर*

बूट घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. सह्याद्रीतला घसारा म्हणजे बेसॉल्टचे धारदार खडे. सोसायटीच्या फरशीवर वाढलेल्या पंज्याची गादी त्यावर दोन तासांत घासून निघते. महिनाभर दिवसाआड खडकाळ जमिनीवर चालवलं की ती जाड होते. तापलेला कातळ ही वेगळी गोष्ट. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवत नाही, आणि या भाजण्यावर सरावाचा उपाय नाही.

बूट घालायचे तर आधी आठ दिवस घरात घालून वावरू द्या. नखं कापलेली हवीत, नाहीतर ती बुटाच्या टोकाला टेकून मागे दाबली जातात. दर तासाला बूट काढून पंजा कोरडा करा. पावसाळ्यात बुटात पाणी साचून कातडी पांढरी आणि मऊ पडते, आणि मग ती साध्या खड्यानेही फाटते. तेव्हा पावसात अनवाणीच बरं.

जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा, गॉज ठेवा, बोटांच्या मधे गॉजची पट्टी सरकवा आणि वरून स्वतःलाच चिकटणारी पट्टी गुंडाळा. पट्टीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. घट्ट झाली तर पंजा सुजतो. नुसता कापूस लावू नका, तो जखमेत रुततो.

आणि कुसळं! ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात वाळलेल्या गवताचं कुसळ हे रक्त येणाऱ्या पंज्यापेक्षा मोठं दुखणं आहे. त्याचं टोक अणकुचीदार, मागचे केस उलटे. त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आत जाऊन आठवड्याभरात गळू करतं. दर थांब्याला बोटं फाकवून बघा, कान उलटे करून बघा. कुत्रा अचानक लागोपाठ शिंकू लागला किंवा एकाच बाजूला मान झटकू लागला, तर नाकात किंवा कानात कुसळ गेलं आहे असंच धरा. दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढा, दिसत नसेल तर काडी घालून कोरत बसू नका.

कुत्रा सोबत असला की पक्षी जवळ येऊ देत नाहीत. तो भुंकत नाही, दोरीलाही असतो. कॅमेऱ्याला ४०० मिमीची लेन्स आहे. काय चुकतं?
*– एक वाचक, ठाणे*

चुकत काहीच नाही. पक्ष्याच्या दृष्टीने तो शिकारी आहे, दोरी त्याला दिसत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलवाटांवर याची मोजणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. कुत्रे दोरीला होते, तरीही ते गेल्यावर त्या वाटेवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसती माणसं गेली तेव्हा एवढा फरक पडला नव्हता. जमिनीवर वावरणारे पक्षी सगळ्यात आधी सरकतात. आपल्याकडे म्हणजे रानकोंबडा, चंडोल, टिटवी, रातवा. लेन्स ६०० मिमीची घेतलीत तरी उडून गेलेला पक्षी उडून गेलेलाच.

आमचं मत सरळ आहे. एका सकाळी एकच काम करा. कॅमेऱ्याची सकाळ वेगळी, कुत्र्याची वेगळी. ते जमत नसेल तर दोन माणसं हवीत. पहिला उजाडताच कॅमेरा घेऊन पुढे निघतो, दुसरा कुत्र्याला घेऊन पाऊण तासाने. मधल्या सोंडेवर भेटायचं, तिथून पुढे कॅमेरा पिशवीत. उतरताना कुत्रा आधी उतरतो, कॅमेरेवाला मागे थांबतो, पण कुत्रा नुकताच गेलेल्या वाटेवर फारशी आशा ठेवू नये. म्हणून चांगला उजेड आणि कोरी वाट या दोन्ही गोष्टी सकाळच्या पाऊण तासातच पदरात पाडून घ्यायच्या.

कमरेच्या पट्ट्याला कुत्र्याची दोरी अडकवून, डोळा कॅमेऱ्याला लावून कड्यालगत उभे राहणारे लोक दिसतात. घोरपड दिसल्यावर २५ किलोचा कुत्रा झेपावतो तेव्हा शटर १/२००० सेकंद असलं तरी उपयोग नसतो, आणि फोटो हलणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त तोटा असतो. दोरी दीड ते दोन मीटरची, हातात, आणि हार्नेसला (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवलेली हवी. हार्नेसच्या पाठीवर मूठ असेल तर उत्तम, अडचणीच्या जागी तिथेच धरता येतं. बटण दाबून लांबणारी दोरी डोंगरात नको. तिची बारीक दोर झुडपात अडकते आणि हाताला कापते.

'एकदाच पक्षी उठवू दे, उडतानाचा फोटो मिळेल' असंही एका पत्रात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं येत नाही. हाकणं, आमिष दाखवणं आणि पक्ष्यांची घरटी वा अंडी विस्कळीत करणं हेही येतं.

भीमाशंकरला शेकरूचे फोटो काढायला जाताना आमची बीगल बरोबर नेऊ का?
*– एक वाचक, मंचर*

नाही. तेही अभयारण्य आहे. कर्नाळा, फणसाड, राधानगरी, कोयनेतला वासोटा यांनाही हाच नियम लावा. शेकरू कुत्र्याला पाहून पळेलच असं नाही. उंच फांदीला चिकटून, न हलता, खडखडाटी आवाजात ओरडत बसतो. तुम्हाला फोटो मिळतो, पण तो घाबरलेल्या शेकरूचा.

चाळकेवाडीच्या पठारावर पंख्यासारखा गळा फुगवणाऱ्या सरड्याचे फोटो काढायचे आहेत. कधी जावं, कोणती लेन्स?
*– एक वाचक, सातारा*

मार्चअखेरपासून वळवाच्या पावसापर्यंत. नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. २०१६ साली या गटाला वेगळी प्रजाती मिळाली आणि तिचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलं गेलं. मराठी शब्द असा थेट शास्त्रात गेल्याची उदाहरणं फार नाहीत. त्यातली 'सरडा सुपर्बा' ही जात चाळकेवाडीचीच.

सकाळी साडेआठ ते साडेदहा ही वेळ धरा. त्याआधी सरडा ऊन खात गप्प असतो. नंतर दगड तापतात आणि जमिनीलगतची हवा थरथरू लागते. १५-२० मीटरवरून काढलेला फोटो तेव्हा पाण्याखालचा वाटतो. लोक लेन्सच्या फोकसला दोष देतात, तो दोष हवेचा असतो. उपाय एकच, अंतर कमी करणं. म्हणून इथे १००-४०० मिमी बरी. १५०-६०० मिमीच्या बहुतेक लेन्स दोन मीटरच्या आत फोकस करत नाहीत, शिवाय वजन दोन किलोच्या घरात जातं.

नर एक-दोन ठरावीक दगडच वापरतो. पाच मिनिटं लांबून बघा, त्याचा दगड कळला की सूर्य पाठीशी ठेवून पोटावर सरका. दोन हात पुढे, मग थांबा. त्याने डोकं वरखाली करायला सुरुवात केली की पुन्हा सरका. लेन्स त्याच्या डोळ्याच्या पातळीवर हवी, मग मागचं पठार विरघळून जातं. लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/१२५० सेकंद किंवा त्याहून जलद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) आपोआप, फोकस डोळ्यावर, आणि सलग फोटोंची सोय सुरू. पंखा पूर्ण उघडलेला क्षण इतका छोटा असतो की एकेक बटण दाबून तो हुकतोच. दगड उलटू नका. खाली फुरसं असू शकतं, आणि सरड्याची जागाही मोडते.

कुत्रा इथे अजिबात नको, आणि त्याला खास कारण आहे. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी फिरकतात, त्यामुळे तिथे सरडे जास्त दाट आहेत आणि माणसाला पुष्कळ जवळ येऊ देतात, असं याच पठारावर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. ज्या धिटाईमुळे तुम्हाला फोटो मिळतो, त्याच धिटाईमुळे तो कुत्र्याच्या तोंडात सापडतो. टिटवीची अंडीही याच दिवसांत उघड्यावर, खड्यांत खडा होऊन पडलेली असतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर आल्या पावली मागे फिरा.

काळ्या कुत्र्याचा फोटो एकतर राखाडी येतो नाहीतर नुसती सावली.
*– एक वाचक, डोंबिवली*

कुत्र्याने चौकट भरली असेल तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो, उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे २/३ ते उणे १ ठेवा. मागे उघडं आकाश असेल तर उलट, अधिक १. दोन्ही वेळा डोळ्यांत उजेडाचा ठिपका आला पाहिजे, त्यासाठी त्याचं तोंड मोकळ्या आकाशाकडे करा.

पायथ्याच्या गावातला कुत्रा आपणहून गडावर येतो. त्याला खायला द्यावं का?
*– एक वाचक, मुंबई*

तो वाटाड्या म्हणून येतो ही आपली समजूत. तो बिस्किटांसाठी येतो. आला त्याच वाटेने परतणार असाल तर फारसं बिघडत नाही. घोटाळा होतो तो राजगड-तोरणा यांसारख्या लांब धारेवरून दुसऱ्या गावात उतरताना. तिथल्या कुत्र्यांच्या हद्दीत तो एकटा पडतो, फाडला जातो, किंवा रात्री एकटाच रानातून परत निघतो. म्हणून धारेचा ट्रेक असेल तर पायथ्याशी गोंजारू नका, खाऊ काढू नका, आणि गावातल्या कुणाला तरी त्याला थोपवून धरायला सांगा.

द्यायचंच तर परतल्यावर गावात भाकरी-पोळी द्या. चॉकलेट, मनुका-बेदाणे, कांदा घातलेले पोहे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम कुत्र्याला विषारी आहेत. ट्रेकरच्या पिशवीत नेमकं हेच असतं.

तुमचा कुत्रा सोबत असेल तर दोघांना नाकाला नाक लावू देऊ नका. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार लस न टोचलेल्या कुत्र्यांकडून पसरतो, तुमच्या कुत्र्याकडे आणि रानातही. २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये हाच विषाणू आढळला होता.

रात्री तंबूबाहेर कुत्रा बांधला तर बिबट्याची चाहूल देईल ना?
*– एक वाचक, संगमनेर*

चाहूल देईल, आणि तीच शेवटची ठरेल. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात खाद्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. अंधार पडण्याआधी दोरी लावा आणि रात्री त्याला तंबूत, माणसांच्या मधे झोपवा. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो काही शोभेसाठी नाही.

ट्रेकमध्ये कुत्र्याला साप चावला तर?
*– एक वाचक, चिपळूण*

चावा बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो, कारण कुत्रा नाक घालून हुंगतो. त्याला चालवू नका, झोळीत घ्या. सूज मानेकडे सरकते, तेव्हा गळपट्टा आणि हार्नेस काढा. आवळून बांधणं, चिरा देणं, बर्फ लावणं यांतलं काहीही करू नका. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, ही औषधं कुत्र्याला घातक आहेत. सापाला शोधत बसू नका. समोरच असेल तर लांबूनच झूमने एक फोटो घ्या, कारण आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालते. चापडा चावला असेल तर तिचा उपयोग नाही, आणि ते पशुवैद्याला आधी कळलेलं बरं.

हे सगळं वेळेत व्हायचं तर निघण्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या दोन पशुवैद्यांना फोन करा. विचारायचं एवढंच: सर्पविषावरची लस आत्ता तुमच्याकडे आहे का, आणि रविवारी दवाखाना कोण उघडतं? दोघांचे नंबर कागदावर लिहून पिशवीत ठेवा, गडावर रेंज नसते आणि फोनची बॅटरी फोटो काढण्यातच संपलेली असते.